कॅज्युअल म्हणजे नैमित्तिक

घर,
ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास माईचा शि. सा. न. वि. वि.

तुझा अंगठा आता बरा असेल. आठवडाभर कात्री धरू नका असं डॉक्टरांनी बजावलं आणि तू दुसऱ्याच दिवशी धरलीस, हे वहिनीच्या पत्रातून कळलं. तुला सांगून उपयोग नाही, म्हणून सांगत नाही.

आमच्याकडे वेगळीच धांदल आहे. चिंगीच्या होणाऱ्या सासरच्यांनी आम्हा दोघांना पंधरा दिवस बोटीवर बोलावलंय. ते लोक दरवर्षी असेच समुद्रावर फिरतात. एकत्र जेवल्याशिवाय माणसं कळत नाहीत, असं विहीणबाईंचं म्हणणं. फॉर्मल नावाची एक रात्र असते, त्या रात्री सगळ्यांसमोर सोयरीक जाहीर करायची, तोवर काही पक्कं समजू नका, असंही त्या हसत हसत म्हणाल्या. त्या हसत बोलल्या की मला जास्त धास्ती वाटते. दंतवैद्य जावई मुलगा म्हणून चांगला वाटतो, पण आईसमोर त्याचे स्वतःचेच दात दिसत नाहीत.

आता अडचण अशी की बोटवाल्यांनी कपड्यांचे नियम पाठवलेत. अमुक रात्री कॅज्युअल, तमुक रात्री फॉर्मल. हे म्हणाले, जन्मभर पाणीखात्यात लोकांचे मीटर वाचले, पण हे काही वाचता येत नाही. विहीणबाईंना विचारणं म्हणजे आपणहून परीक्षेत नापास होणं. चिंगीला विचारावं तर तिची इस्पितळात रात्रपाळी, आणि तिला रजा उशिरा मिळाल्याने ती थेट दुसऱ्या बंदरात चढणार. घरात इंग्रजी तुलाच येतं. नियमांचा कागद सोबत जोडलाय, नीट बघून कळव. पोरीचं लग्न यावर अडलंय एवढं ध्यानात ठेव.

वहिनीला नमस्कार. रागावत असलास तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
माई

•

दुकान,
ता. ८ फेब्रुवारी

चि. माईस अनेक उत्तम आशीर्वाद.

अंगठा उत्तम आहे. डॉक्टरला टाके घालता येतात म्हणून त्याने शिंप्याला शहाणपण शिकवू नये.

नियम वाचले. कुणालाही विचारण्याचं कारण नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलो नाही, कोट जसा उसवून शिकलो तसंच इंग्रजीही एकेक टाका उसवून शिकलो. त्यामुळे मला आतलं अस्तरसुद्धा दिसतं.

कॅज्युअल हा शब्द मेहुण्यांनी नोकरीत असताना शंभर वेळा पाहिलाय. कॅज्युअल लीव्ह, म्हणजे नैमित्तिक रजा. सरकारी कागदावर तसं छापलेलं असतं. नैमित्तिक म्हणजे ज्याला निमित्त आहे ते, आणि निमित्त म्हणजे समारंभ. तेव्हा कॅज्युअलच्या रात्री समारंभ. पूर्ण सूट, आत वास्कट, गळ्याला टाय. स्मार्ट कॅज्युअल लिहिलं असेल तर वर खिशात रुमालही.

आता फॉर्मल. आपण म्हणतोच, अहो ही नुसती फॉर्मॅलिटी आहे, मनावर घेऊ नका. फॉर्मल म्हणजे नावापुरतं. सोयरीक घरात ठरलीच आहे, ती चारचौघांत सांगायची ही फॉर्मॅलिटीच की नाही? म्हणून त्या रात्रीला ते नाव. त्या रात्री मेहुण्यांनी अर्ध्या बाहीचा शर्ट, नाडीची सैल पँट आणि चपला घालाव्यात. त्या रात्री कोट घालून गेलात तर माणूस नवखा आहे हे लगेच कळेल.

सूट मी शिवतोय. कापड गडद करडं, कॉलरच्या आत कॅनव्हास, काजं हाताने केलेली. मेहुण्यांचा डावा खांदा उजव्याहून खाली आहे, ते मी पॅडमध्ये सांभाळलंय. त्यांना सांगू नकोस.

चिंगीला पापा. विश्वास ठेवत जा, एवढंच मागणं.

तुझा,
दादा

•

बोटीवरून,
ता. २ मार्च

ती. दादास माईचा शि. सा. न.

बोटीवर पत्रांची पेटी आहे, बंदर आलं की टपाल उतरवतात, म्हणून लगेच लिहायला बसले. दादा, तुझं इंग्रजी धन्य आहे.

काल पहिली कॅज्युअल रात्र. जेवण वर उघड्यावर होतं, निखाऱ्यांवर मासे भाजत होते. हे तुझा सूट घालून वर आले आणि सगळे लोक वळून बघायला लागले. इतका मान यांना उभ्या नोकरीत मिळाला नसेल. एका बाईंनी अदबीने आपला रिकामा ग्लास यांच्या हातात दिला. एका म्हाताऱ्याने वाद्यं कधी वाजणार ते विचारलं. एकाने मुतारी कुठे ते विचारलं, तर हे त्याला दारापर्यंत पोचवून आले. यांचा स्वभाव तुला ठाऊकच आहे.

वाईट वाटलं ते व्याह्यांचं. त्यांना कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही, बिचारे अर्ध्या चड्डीत आले. जावयाच्या अंगात तर फुलांचा शर्ट आणि खांद्यावर ओला टॉवेल. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही, उगाच त्यांना अवघड वाटायला नको. विहीणबाईंनी मात्र मोकळ्या मनाने कौतुक केलं. म्हणाल्या, असा सूट साऱ्या बोटीवर एकच आहे. मग त्या जावयाच्या कानात काही बोलल्या आणि दोघं बराच वेळ हसत होती. घरातलं वातावरण खेळीमेळीचं दिसतं.

कोटाच्या कॉलरवर माशाचं तेल सांडलंय तेवढं. काय करू ते कळव, म्हणजे पुढच्या बंदरात पत्र मिळेल. माझा जीव आता कुठे खाली पडलाय. तुझा असाच हात आमच्या डोक्यावर असू दे.

माई

•

दुकान,
ता. ५ मार्च

चि. माईस आशीर्वाद.

मी काय म्हणालो होतो.

तेलाच्या डागाला हात लावू नकोस. फॉर्मलच्या रात्री सूट बोटीवरच्या धोब्याकडे देऊन टाक, त्या रात्री त्याला काही काम नाही. व्याह्यांच्या कमरेचं माप अंदाजाने कळव, एखादी पूर्ण लांबीची पँट शिवून ठेवतो. माणसाची कीव येते.

मेहुण्यांना सांग, ताठ चालत जा. बाकी भेटीत.

दादा

•

घर,
ता. १७ मार्च

दादास,

नमस्कार लिहिण्याची आज इच्छा नाही, तरी लिहिते. सा. न.

फॉर्मलच्या रात्री हे तुझ्या सांगण्याप्रमाणे नाडीची पँट आणि चपला घालून निघाले. सूट धोब्याकडे, तोही तुझ्याच सांगण्याप्रमाणे. जेवणघराच्या दारात पोचलो तर आत सगळे पुरुष काळ्या कोटात, बायका झगमगीत. व्याही तर मला ओळखूच आले नाहीत. दारावरच्या माणसाने यांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की या कपड्यांत आत येता येणार नाही, वरच्या मजल्यावर सगळ्यांसाठी खुलं जेवण आहे, तिथे चालेल. फार सभ्य होता तो. त्याने ओरडून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

विहीणबाई म्हणाल्या की आता सगळ्यांचाच खोळंबा नको, आणि मंडळी आत गेली. आमच्याशिवाय सोयरीक जाहीर झाली, टाळ्या वरपर्यंत ऐकू आल्या. हे सुपाचा वाडगा घेऊन बसले होते. मीटर बंद पडलेल्या घरासारखे गप्प.

चिंगी त्याच रात्री दुसऱ्या बंदरात चढली ती थेट जेवणघरात गेली, रिकाम्या खुर्च्या पाहून तशीच वर आली आणि पुन्हा खाली गेली नाही. आता विहीणबाईंचं म्हणणं, त्यांच्या माणसांत त्यांचं हसं झालं, कुणीतरी माफी मागितल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. ह्यांनी मागितली असती, पण मी मागू देणार नाही. शब्द तुझा होता. तू माग. पोरीचं घर वसायच्या आधीच तुझ्या डिक्शनरीने उठवलंय.

माई

•

दुकान,
ता. २० मार्च

चि. माईस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. शब्दकोश पुन्हा काढून पाहिला. नैमित्तिक असंच लिहिलंय, त्यात माझी चूक नाही. ज्यांनी रजेला एक अर्थ दिला आणि कपड्याला दुसरा, त्यांना कुणी विचारत नाही. असो. मेहुण्यांना दारातून परत फिरावं लागलं ते माझ्यामुळे. त्यापुढे शब्दकोश मिटला.

विहीणबाईंना आजच माफीचं पत्र टाकलं. एवढं वाकून मी आजवर गिऱ्हाइकाच्या पँटच्या लांबीचं मापसुद्धा घेतलेलं नाही. आता तरी चिंगीचं सुरळीत होऊ दे.

मेहुण्यांना माझा नमस्कार सांग. त्यांनी घेतला नाही तर तसं कळव.

दादा

•

ता. २६ मार्च

रा. रा. मामासाहेब यांस स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. आमच्या घरी मनात काही धरून ठेवायची पद्धत नाही, तेव्हा झालं गेलं आम्ही उदारपणे विसरलो आहोत. आपलं पत्र इतकं निरागस आहे की आमच्या मैत्रिणींच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. नैमित्तिकाचा परिच्छेद तर पुन्हा वाचायला लावला.

खरं सांगायचं तर पहिल्याच रात्री घोळ माझ्या लक्षात आला होता. आपल्या भगिनींनी फॉर्मलच्या दुपारी मला विचारलंही, साधे कपडे चालतील ना म्हणून. मी म्हटलं, तुम्हाला सोयीचं वाटेल तसं करा. माणसं स्वतःहून कुठवर जातात ते पाहावं, असा माझा स्वभाव आहे.

लग्न ठरल्याप्रमाणे होईल. मुलीच्या वडिलांचे कपडे आम्ही तयार पाठवू. काटा-सुरी धरण्यापासून मुलीला मी स्वतः शिकवीन. आपणही अवश्य यावं, फक्त कुणाचं काही शिवू नये. आपण मनाला लावून घेऊ नये, आम्ही तर घेतच नाही.

आपली,
विहीण

•

इस्पितळ,
ता. ३० मार्च

ती. मामास चिंगीचा सा. न.

विहीणबाईंचं पत्र तुम्ही आईकडे पाठवलंत, ते मी वाचलं. आई म्हणते सुटलो. बाबा म्हणाले, चिंगीला विचारा. म्हणून तुम्हाला लिहितेय.

त्या रात्री मी वर गेले तेव्हा बाबा सुपाचा वाडगा धरून बसले होते. मी ताट वाढून घेऊन शेजारी बसले, मग त्यांनीही जेवायला सुरुवात केली आणि दोनदा वाढून घेतलं. आम्ही तिघं छान जेवलो. दंतवैद्य साहेब वर आले ते सगळं आटोपल्यावर. पुडिंग फार सुरेख होतं म्हणाले. मी विचारलं की बाबांचे कपडे चुकलेत हे तुला पहिल्या रात्रीपासून माहीत होतं का. तर हो म्हणाला. मग सांगितलं का नाहीस, असं विचारलं. तेव्हा त्याने जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहिते: ‘‘आईची गंमत चालली होती.’’

मामा, वॉर्डात मी रोज अनोळखी माणसांच्या पायजम्याची नाडी बांधून देते. त्यांची मापं, त्यांचे वास, त्यांची लाज, सगळं हाताळते. चुकीचे कपडे घातलेला माणूस मला नवीन नाही. चुकीचे कपडे घातलेल्या माणसाला दारात सोडून आत जाऊन पुडिंग संपवणारा मात्र नवीन होता.

तुमची चूक झाली, आणि ती तुम्ही अगदी तुमच्या पद्धतीने, खणखणीत केलीत. त्याबद्दल भेटल्यावर तुमची यथेच्छ थट्टा करणार आहे. पण ही माफी मला नको. त्यांनी आपल्याला माफ केलंय, हेच तर वाईट झालं. आता ते मला रोज माफ करतील. सकाळी चहाला, दुपारी जेवायला, पाहुण्यांसमोर तर हमखास. त्या घरात मला जन्मभर माफीवर राहावं लागेल.

मी त्याला काल नाही म्हणून कळवलं. आई रडतेय, दोन दिवस रडेल. बाबांनी तुमचा नमस्कार घेतलाय आणि विचारलंय की सूट पुन्हा घालायला एखादं निमित्त आहे का. बघा, तेही आता तुमचीच भाषा बोलायला लागले.

रागावू नका. रागावलात तर पत्र येईल, तेही चालेल.

तुमची,
चिंगी

•

दुकान,
ता. २ एप्रिल

श्रीमती विहीणबाई (आता तसं म्हणण्याचं कारण उरलेलं नाही, पण दुसरं संबोधन सभ्य सुचत नाही) यांस स. न. वि. वि.

आपलं ता. २६ मार्चचं पत्र पोचलं. त्यात आपण दोन गोष्टी आपल्या हस्ताक्षरात कबूल केल्या आहेत. एक, चूक आपल्याला पहिल्या रात्रीच कळली होती. दोन, विचारायला आलेल्या बाईला आपण खरं सांगितलं नाहीत. माझं अज्ञान शब्दाच्या अर्थापुरतं होतं, आणि ते एका शब्दाने दूर करता आलं असतं. तो शब्द आपल्याकडे होता.

मी ता. २० मार्चच्या पत्राने आपली माफी मागितली होती. ती मी या पत्राने परत घेत आहे. मूळ कागद आपल्या बैठकीत वाचून झाला असेल तर टपालाने पाठवून द्यावा. टपालखर्चाची चिंता नसावी, पाकीट व तिकीट सोबत जोडलं आहे. कॅज्युअलचा अर्थ चुकला, ही चूक माझी आहे आणि ती माझ्याकडेच राहील. मेहुण्यांपाशी मी ती वेगळी कबूल केली आहे. तिथे माफी मागावी लागली नाही आणि ती वाचूनही दाखवली गेली नाही.

आपण पाठवू म्हणालात ते कपडे पाठवू नयेत. मुलीला काटा-सुरी धरता येते. इस्पितळात ती सुरीपेक्षा बारीक हत्यारं सांभाळते. आपल्या चिरंजीवांना पुडिंग लखलाभ असो.

आपलं-आमचं नातं जेमतेम एका जेवणापुरतं होतं, आणि तेही आम्ही बाहेर बसून केलं. तेव्हा फार लांबवत नाही.

कळावे. लोभ नसावा, ही विनंती.

चिंगीचा मामा