जीभ फिरते, बासरी वाजत नाही

९ नोव्हेंबर, रविवार. यवत
निर्णय पक्का. फ्लटर टंगिंग शिकायचं. म्हणजे बासरीत फुंकताना जीभ टाळूपाशी 'र्र्र्र' अशी थरथरवायची, की सूर नुसता वाजत नाही, फडफडतो. यूट्यूबवर एका परदेशी बाईंनी चुटकीसरशी करून दाखवलं. मला आठवडा पुरे.

कारण लिहून ठेवतो. महबूबभाईंच्या ऑर्केस्ट्रात मी माझ्या लग्नाआधीपासून बासरी वाजवतोय. परवा त्यांच्या मुलीने, तहमीनाने, नवा कीबोर्ड आणला. बटण दाबलं की त्यातून बासरी निघते. सगळे माना डोलावत होते. मीही डोलावली, उगीच वाईटपणा नको. पण ही फडफड त्या डब्यातून निघायची नाही. २९ तारखेला केंदूरला हळदीचा कार्यक्रम आहे. तिथं दाखवतोच.

११ नोव्हेंबर, सकाळी
सराव चालू. जीभ फिरली की बासरी वाजत नाही. बासरी वाजली की जीभ फिरत नाही. म्हणजे दोन्ही गोष्टी मला येतात. फक्त एकत्र करायच्या राहिल्यात.

शेजारच्या कुशाबाई येऊन गेल्या. माझ्या बायकोला, अनुपमाला, विचारत होत्या, तुमच्या विहिरीवरल्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गेला का, पाणी वढंना व्हय? ती हसली. मी हसलो नाही.

१४ नोव्हेंबर
कंपनीच्या बसमध्ये बासरीविना सराव, नुसती जीभ. शेजारच्याने आधी रुमाल काढला, मग जागा बदलली. सीट मोकळी मिळाल्याने हातपाय पसरून सराव करता आला.

स्टोअरमध्ये साहेब म्हणाले, जयसिंग, तू कुणाला हाकलतोयस का? म्हटलं, नाही सर, कला आहे. ते म्हणाले, आधी बेअरिंगचा बॉक्स शोध.

१८ नोव्हेंबर
पद्धत बदलली. जिभेऐवजी घशातून करायचं, गुळणी केल्यासारखं. जगात दोन्ही पद्धती मान्य आहेत. तोंडात खरोखरच पाणी घेऊन बघितलं. बासरी सध्या उन्हात वाळत आहे.

१९ नोव्हेंबर
घसा बसला. बासरीला घसा लागत नाही, त्यामुळे चिंता नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
तालीम. मी एक झलक दिली. तहमीनाने ओढणीने कीबोर्ड पुसला.

महबूबभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "जयसिंगराव, साधं वाजवा. लोकांस्नी गाणं वळखू यायला पायजे." मी समजून गेलो. पोरगी झाकोळेल अशी बापाला धास्ती. साहजिक आहे. मी म्हणालो, बघू.

२५ नोव्हेंबर
जिभेची पद्धत परत चालू. घशाची आपल्या हवामानाला चालत नाही.

२७ नोव्हेंबर
बसवत नाही. उभं राहिलं की चालावंसं वाटतं, चालत सुटलो की बासरी घरी राहिल्याचं आठवतं. हायवेवरून दोन वेळा माघारी आलो. अनुपमा म्हणाली, आवो, एका जागी ऱ्हावा की, माझं डोकं फिराया लागलं. मी म्हणालो, तुझं डोकं फिरतंय, माझी जीभ फिरायला हवी.

आज एकदा दोन्ही एकत्र झाल्याचा भास झाला. नीट ऐकलं तर बाहेर ट्रॅक्टर होता. पण सूर तोच.

३० नोव्हेंबर, रविवार
कालचा दिवस माझा!

नवरदेव आला आणि मी फडफड सोडली. सुरुवातीला खरखर झाली, ती शाकीरच्या वायरची. शाकीर आमचा साऊंडवाला. मांडवातून कुणीतरी ओरडलंही, "भोंगा फाटला रं!" शाकीरने काहीतरी बटणं खाली ओढली, आणि मग जो सूर लागला! माझा मलाच ओळखू येईना. मध्येच दम लागून थांबलो, तरी सूर तुटला नाही. ओठावरून बासरी घसरली, तरी चालूच. याला सिद्धी म्हणतात. टाळ्या! नवरदेवाच्या मामांनी मला टॉवेल-टोपी दिली.

व्हिडिओ सगळ्या पाहुण्यांना पाठवला.

३ डिसेंबर, बुधवार
महबूबभाई स्वतः घरी आले. चहा घेतला.

म्हणाले, "जयसिंगराव, राग नका मानू. शाकीरनं तुमचा माईक बंद केल्ता. वाजत व्हती ती तहमीनाची बासरी."

मी म्हणालो, मला माहीत होतं.

अनुपमा आतून बाहेर आली आणि परत आत गेली.

ते म्हणाले, तुम्ही येणं सोडू नका. लग्नाच्या पार्ट्या म्हणतात, बासरीवाला दिसला पाहिजे. फेटा बांधून उभं राहा, बोटं हलवा. बाकी पोरगी बघंल.

विचार करून सांगतो म्हणालो.

४ डिसेंबर
विचार केला. एकंदरीत ही माझ्या व्यक्तिमत्त्वाची कदर आहे. हो कळवलं. नाही म्हटलं असतं तर रविवारी घरात काय केलं असतं?

७ डिसेंबर, रविवार
पाबळला लग्न होतं. फेटा गुलाबी. माझ्यापुढे माईकचा स्टँड होता, माईक नव्हता.

तहमीनाने सुरुवात केली. पोरगी वाजवते चांगलं, हे लिहायला हरकत नाही. मी बोटं हलवत होतो. मग वाटलं, कुणाला ऐकूच जाणार नाही, तर फुंकायला काय हरकत आहे. फुंकलं. आणि आलं! जीभ आणि सूर, दोन्ही एकदम. बोटांना थरथर कळत होती. आख्खा अंतरा टिकलं. मी तहमीनाकडे बघितलं, ती बटणांकडे बघत होती. शाकीर जिलेबी खात होता. पुढे वऱ्हाडी अक्षता शोधत होते.

घरी आलो तसा चप्पलसुद्धा न काढता अनुपमाला म्हणालो, ऐक. तिने हातातलं काम ठेवलं, समोर बसली.

फुर्र झालं. परत केलं. परत फुर्र. तिच्या गालावर एक थेंब उडाला. तिने तो पुसला नाही.

म्हणालो, तिथं आलं होतं.

म्हणाली, "आलं आसंल की. मी कुठं न्हाई म्हणती?"

हळूच बोलली. फेटा काढायला लागलो. गाठ सुटेना, तीसुद्धा तिनेच सोडली.