मामा पाण्यावर येऊन गेले

आई, मामा आले होते. हे वाक्य लिहून मी जरा थांबले, कारण असंच वाक्य एकदा जंगलात तुझ्यासमोर उच्चारलं गेलं होतं आणि त्याचा अर्थ भलताच निघाला होता. या वेळी मात्र खरोखर तुझा भाऊ. भाऊबीज होऊन दोन-चार दिवस झाले होते, दुपारी कडी वाजली, दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर काठी टेकून उभे. अकोल्याहून बसने आले. तुकईथडवरून जंगलात शिरणारी छोट्या रुळांची रेल्वेगाडी आता बंद आहे, हे तुला कोण सांगणार? मी "आत या ना मामा" म्हटलं तरी ते हलले नाहीत. चौकटीकडे बघत म्हणाले, "आता कोणी अडवत नाही, नाही का?" मी त्यांची पिशवी घेतली आणि बाजूला सरले. सरल्यावर लक्षात आलं की त्या दिवशी तूही अशीच सरली होतीस.

त्यांच्या लग्नाची गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस. मी तुझा पदर धरून तिथेच उभी होते, म्हणून थोडी आठवते, थोडी नंतर मावशीकडून कळली. वरात दारात आली. तू करवली. रिवाजाप्रमाणे तू दार अडवलंस आणि म्हणालीस, "तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील, तरच आत सोडीन." बायका हसत होत्या, कोणी नाव घ्यायचा आग्रह करत होतं. आणि मामा, तुझ्याच कडेवर वाढलेला तुझा भाऊ, नव्या सासरच्या मंडळींसमोर म्हणाला, "सर बाजूला. तमाशा पुरे." तू सरलीस. सरलीस ती कायमचीच सरलीस. त्यानंतर त्यांनी यावं असं तुला वाटत होतं, आणि तू यावंस असं त्यांना. दर भाऊबीजेला संध्याकाळी तू गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायचीस. ज्यांना भाऊ नाही त्या बायका तसं करतात. तू ते भराभर उरकायचीस, वाळत घातलेले कपडे काढून आणावेत तसं.

मग एका वर्षी बाबांनी ठरवलं की भाऊबीज बुऱ्हाणपुरात करायचीच नाही. शाळेला दिवाळीची सुट्टी होतीच, कोणाच्या तरी ओळखीने जंगलातलं विश्रामगृह मिळालं. बाबा एवढंच म्हणाले, "पोरांना जंगल दाखवू." पण मला वाटतं, दिवसभर तुझे कान कडीकडे लागलेले त्यांना पुन्हा बघायचे नव्हते. तू ट्रंकेत जांभळ्या काठाची रेशमी साडी ठेवलीस तेव्हा ते म्हणाले, "अगं, जंगलात चाललोय, लग्नाला नाही." त्यावर तू म्हणालीस, "म्हणून काय अस्वलासमोर जुनेर नेसून जाऊ? चार अस्वलिणी नावं ठेवतील." बाबा हसले, आम्ही हसलो. ती साडी तू का घेतलीस, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. मामा रेल्वेत होते, त्या जंगलातून जाणाऱ्या लायनीवरच, अकोल्याकडच्या एका स्टेशनात. ही जोड मी आज लावते आहे की तेव्हाच माझ्या मनात होती, हे मला खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे तुझ्या मनात काय होतं ते मी ठामपणे लिहीत नाही. साडी होती, एवढंच लिहिते.

गाडी डोंगर चढते आहे. मी खिडकीशी आहे, माझ्या मांडीवर धाकटा भाऊ. एका जागी रूळ इतके वळतात की आपण मघाशी ज्यावरून आलो तो रूळ खाली दिसतो, आणि बाबा मास्तरी आवाजात समजावत आहेत की इंजिनाला एकदम चढ झेपत नाही म्हणून असं गोल फिरवतात. सागाची पानं डब्याला घासत आहेत. मी विचारते, "आई, मामा याच लायनीवर असतात ना?" तू म्हणतेस, "हात आत घे खिडकीतून." माझा हात आतच असतो.

ते दिवस मात्र सुखाचे होते, हे मला नोंदवायलाच हवं. घरी तुला कधी पाय पसरून बसलेलं पाहिलं नव्हतं. तिथं तू सकाळच्या उन्हात पायरीवर पाय सोडून बसायचीस, नुसती, हातात काही काम नाही. कुठून तरी दुर्बीण मागून आणून बाबांनी गळ्यात अडकवली होती आणि प्रत्येक झाडाला ते ठासून चुकीचं नाव द्यायचे. विश्रामगृहाचा चौकीदार कोरकू आदिवासी होता. तो त्यांना कधी चुकीचं ठरवायचा नाही, फक्त म्हणायचा, "हां मास्टरजी, ये भी हो सकता है." नाल्यावरच्या दगडावरून बाबा घसरले आणि धोतरासकट बसले, तेव्हा तू पदर तोंडात कोंबून हसलीस. आपण सागाच्या पानांच्या होड्या सोडल्या. तुझी होडी पुढं गेली तर तू टाळ्या वाजवल्यास. तुझ्या टाळ्या मला आरतीखेरीज कुठं आठवत नाहीत, म्हणून त्या लक्षात राहिल्या.

आणि मग भाऊबीजेची सकाळ. धाकटा बाहेर दात घासतो आहे, चौकीदार पाण्याचं पातेलं चुलीवर चढवतो आहे. तू आत बट्टीचं पीठ मळते आहेस. चौकीदार धाकट्याला म्हणतो, "बाबू, मामा आए थे. नाले पे पानी पीके गए. तुम सोते रहे." धाकटा ब्रश तोंडात धरूनच आत पळतो. "आई, मामा आले होते! नाल्यावर!"

"कोणाचा मामा? काय बोलून राह्यला तू?"

"आपले मामा! पाणी प्यायला थांबले होते!"

तू चौकीदाराला विचारायला बाहेर गेली नाहीस. स्वतःशीच म्हणालीस, "पहाटेची गाडी." मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पीठ झाकून ठेव. नाही, आणखी दोन मुठी घाल आधी. त्याला बट्टी लागते." हात धुतलेस, पण कोपराला पीठ तसंच राहिलं. केस विंचरलेस. ती साडी नेसलीस. निरांजन, अक्षता, सुपारी, आमच्यासाठी आणलेल्या दराब्याच्या मिठाईतला मोठा गोळा, सगळं ताटात मांडलंस आणि नाल्याच्या वाटेला लागलीस. मी मागून चालत होते. तू धावली नाहीस, आई. धावू नये म्हणून तुला किती जोर लावावा लागत होता, ते तुझ्या पाठीवरून दिसत होतं.

नाल्यावर बाबा उकिडवे बसले होते. आमच्या मागोमाग चौकीदारही येऊन उभा राहिला. बाबा मान वर न करता म्हणाले, "ये, ये. बघ केवढा ठसा! हा वाघाला मामा म्हणतो बरं का. जंगलात त्याचं नाव घेत नाहीत म्हणे." मग त्यांनी मान वर केली. साडी पाहिली, ताट पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. दुर्बीण उगाच पुसत ते म्हणाले, "चल, परत जाऊ. चहा घेऊ." धाकट्याच्या तोंडात अजून ब्रश होता.

तू म्हणालीस, "ताट सजवून आणलंय. ते काय तसंच परत नेऊ?" आणि रेशमी साडी सावरत चिखलाशी बसलीस. त्या ठशाच्या पुढं नखांच्या टोकांचे चार बारीक खड्डे होते. बाबा बोलत होते तेव्हाच मी त्यांत बोट घालून पाहिलं होतं, आणि माझा तळहात ठशात अगदी बरोबर बसला होता. तू प्रत्येक खड्ड्याला कुंकू लावलंस. अक्षता टाकल्यास. ओवाळलंस, भराभर नव्हे, सावकाश. आणि ओवाळता ओवाळता म्हणालीस, "याला तरी तहान लागल्यावर बहिणीचं दार आठवलं. त्या मेल्याला तेवढीही अक्कल नाही." बाबा आधी घाबरत हसले, मग तू हसलीस, मग आम्ही. चौकीदाराने मात्र गंभीरपणे हात जोडले. दराबा तू त्याला दिलास. म्हणालीस, "मामांच्या वाटचा आहे, घ्या."

परत येताना तू आम्हा दोघांचे हात धरलेस. "हे त्याला कधी सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ." त्या संध्याकाळी चंद्र होता, तू बाहेरही आली नाहीस. बाबांनी आठवण करून दिली तर म्हणालीस, "झालं की सकाळी."

गळ्याची शपथ मोडली की माणूस मरतं, असं आम्ही मानायचो. तू तर आम्ही शपथ न मोडताच गेलीस. तेराव्याला मामा आले होते, भिंतीला टेकून बसले, जेवले नाहीत. तेव्हा सांगावंसं वाटलं होतं. नाही सांगितलं. बाबाही गेले. आणि आता हे मामा माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेले, मी बट्टी करते आहे, आणि ते हातातल्या पेल्याकडे बघत विचारतात, "एक विचारू का पोरी? तुझ्या मायनं माझी वाट पाह्यली का कधी? बरं वाटावं म्हणून सांगू नको. आता जायचे दिवस आले माझे, म्हणून विचारून राह्यलो."

मी पीठ आणते म्हणून आतल्या खोलीत गेले आणि धाकट्याला पुण्याला फोन लावला. म्हटलं, "ती वाघाची गोष्ट मामांना सांगू का?" तो म्हणाला, "कोणता वाघ? मला फक्त तो दराबा आठवतो, आपल्याला न देता दुसऱ्याला दिला होता तो." म्हणजे ठरवायचं मला एकटीला होतं. शपथ तुझी, प्रश्न त्यांचा. मी गप्प राहिले तर तुझा शब्द राहतो आणि तू कधी वाट पाहिलीच नाहीस असं समजून हा माणूस घरी जातो. तुझा मान राखायचा की तुझं मन, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही.

मी सांगितलं. सगळं, पीठ लागलेल्या कोपरासकट. वाघाला मामा म्हणतात इथपर्यंत मी आले तेव्हा त्यांच्या तोंडून "अरे देवा" एवढंच निघालं. साडीबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं. "रेशमी नेसली होती? जंगलात?" हो म्हटलं. मग म्हणाले, "ओवाळताना काही बोलली का?"

मी म्हटलं, "सुखी राहा, म्हणाली."

त्यांनी मान हलवली. "हे तिचं नाही. ताईचं तोंड मला माहीत नाही का? खरं सांग."

मग खरं सांगितलं, शब्दाला शब्द. ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले, उपरणं डोळ्यांना लावून बसले. "मेला म्हणाली? हां. हे तिचं. मलेच म्हणे ती, दुसऱ्या कोणाले नाही म्हणे." बऱ्याच वेळाने हळू आवाजात म्हणाले, "भूक लागली होती गं मले त्या दिवशी. सकाळपासून पोटात काही नव्हतं, डोक्यावर मुंडावळ्या, ऊन. बस, इतकंच होतं. म्हटलं, उद्या येईल रुसवा सोडून. मग म्हटलं, दिवाळीले येईल." मी वरण वाढलं, बट्टी चुरून वर तूप घातलं. त्यांनी आणखी दोन मागून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बसला पोचवायला गेले तेव्हा ते शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "आमच्या ताईनं माझ्या नावानं वाघाले ओवाळलं होतं. वाघाले! साधी गोष्ट आहे का?" छाती काढून सांगत होते. मी खिडकीशी उभी राहून ऐकत होते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. मागे एकदा मुलांना घेऊन जंगल बघायला गेले होते, तिथं ठशांचं चित्र लावलेलं होतं. वाघ चालताना नखं आत ठेवतो. त्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. बरोबर नाल्यावरच्या त्या ठशाच्या मापाच्या पंजाचं, चार नखांच्या खड्ड्यांचं चित्र शेजारी होतं, आणि त्याखाली लिहिलं होतं, तरस. चौकीदार चुकला असेल, किंवा पाहुण्यांना मामा दाखवायचे म्हणून त्याने ते तसं म्हटलं असेल.

मामांना मी सगळं खरं सांगितलं, आई. तेवढं सोडून.