धुराला वळण

५ नोव्हेंबर, सकाळी १०

पुढे वाद नको, म्हणून वस्तुस्थिती क्रमाने नोंदवून ठेवतो.

एक : आमची बैठकीची खोली उत्तराभिमुख आहे आणि थंडीत तिच्यात बसवत नाही.

दोन : या खोलीत आजवर एक विजेचा हीटर होता. लाल तारांचा, एका पायाने लंगडा, लंगड्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. माझी आत्या त्याच्यासमोर पाय पसरून बसत असे.

तीन : मी निवृत्तीपर्यंत महाविद्यालयात सौंदर्यशास्त्र शिकवले. रूप म्हणजे काय हे ज्याने पिढ्यांना समजावले, त्याच्याच बैठकीत पुठ्ठ्यावर तोललेला हीटर असावा, ही विसंगती यापुढे सहन करणे शक्य नाही.

चार : म्हणून बैठकीत फायरप्लेस उभारण्याचे ठरवले आहे. सर्वत्र दिसते तशी विटांची पेटी नव्हे. शिल्प.

पाच : सौ. बाजारात गेली असताना हीटर भंगारवाल्याला देऊन टाकला.

त्याच दिवशी, दुपारी

सौ. परतली. पिशवीही खाली न ठेवता विचारले, "अहो, आत्यांचा हीटर कुठाय?" मी क्रमांक तीनपासून समजावू लागलो. तिने क्रमांक पाचवरच बोट ठेवले. तर्कशुद्ध मांडणी ऐकून घेण्याची सवय या घराला नाही.

पहिल्या कडक थंडीपूर्वी आत्या अग्नीसमोर बसलेली असेल, असे लेखी वचन दिले. शाईने, सहीनिशी. महत्त्वाची मागणी आणि तिचे उत्तर लेखीच असावे, पेन्सिलीचा मजकूर ग्राह्य धरू नये, हा नियम मीच घरात लावला आहे. तोंडी बोलण्यात अचूकता नसते.

६ नोव्हेंबर

सौ.ची लेखी मागणी आली : "हिटर परत आणा." लाल शाईने 'ही' दीर्घ करून कागद परत केला. त्यानंतर मागणी आलेली नाही. पटले असावे.

८ नोव्हेंबर

संकल्पचित्र पूर्ण. नम्रपणे नोंदवतो की थोर झाले आहे. खाली अग्नी धरणारी ओंजळ. तिच्यातून वर जाणारा धुराचा मार्ग त्रिभंगात, म्हणजे जुन्या मूर्ती जशा मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळून उभ्या असतात, तसा. सरळ उभे धुराडे म्हणजे कारखाना. माझा धूर डौलाने निघेल.

चित्र आत्याला दाखवले. तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "हे तोंड कुणाचं रे, बाब्या? दातांच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखं आऽ केलंय." ती ओंजळ आहे असे सांगितले. मग तिने वरच्या वळणांवरून बोट फिरवले आणि गुडघ्याशी थांबली. "याला पण संधिवात?"

माझ्या आईमागे हिनेच मला वाढवले, म्हणून उत्तर दिले नाही. मात्र निवृत्त प्राध्यापकाला गवंड्यांसमोर 'बाब्या' म्हणू नये, अशी लेखी विनंती तिच्या उशाशी ठेवली.

९ नोव्हेंबर

सौ. फोनवर भावाला सांगत होती, "अरे, हे बैठकीत चूल बांधतायत." आणि हसली. पलीकडूनही हसण्याचा आवाज आला.

जेवताना स्पष्ट केले की 'चूल' हा शब्द या प्रकल्पाच्या संदर्भात कोणीही वापरू नये. योग्य संज्ञा 'अग्निशिल्प'. आत्याने विचारले, मग चुलीला काय म्हणायचे? चुलीला चूल म्हणावे, पण तिचे स्थान स्वयंपाकघर, असे मी म्हणालो. त्यावर सौ. भाजी वाढता वाढता म्हणाली, "वेगळी चूल मांडायची होती तर सरळ सांगायचं होतंत."

संकल्प : यापुढे जेवताना सौंदर्यविषयक चर्चा नाही.

१२ नोव्हेंबर

गवंडी आला. बेकरीच्या भट्ट्या बांधण्यात आयुष्य गेले म्हणतो. चित्र उलटे धरून म्हणाला, "होऊन जाईल, साहेब." मी ते सुलटे करून दिले. "हां, असंपण होऊन जाईल."

असा निःशंक माणूस विरळा. तूर्तास हाच माझा खरा वाचक.

१५ नोव्हेंबर

सौ.चा भाऊ आला. हा इंजिनिअर आहे. म्हणजे त्याला सर्व गोष्टींचा उपयोग कळतो आणि एकाही गोष्टीचा अर्थ कळत नाही. चित्र पाहून म्हणाला, "भाऊजी, धूर सरळ वर जातो. तीन तीन वळणं दिलीत तर तो खोलीतच मुक्काम करेल."

मी सांगितले की निसर्गात सरळ रेषाच नाही; आणि धुरालाही वळण लावता येते.

सौ. दारातून म्हणाली, "मुलाला वळण लावायच्या वेळी तुम्ही ग्रंथालयात होतात. आता धुराला लावा."

भाऊ हसता हसता सोफ्यावर पडला. आत्याही हसली, पण हसता हसता शाल घट्ट ओढून घेतली. सगळे उठून गेल्यावर ते लक्षात आले. थंडी अजून कडक नाही. वचन मोडलेले नाही.

२० नोव्हेंबर

काम चालू. बैठकभर सिमेंटची धूळ. आत्या शिंकते. महान कृतींच्या जन्मकाळी आसपासच्यांना थोडा त्रास होतोच, असे तिला सांगितले. "तुझ्या जन्मकाळी पण झाला होता," म्हणाली.

२४ नोव्हेंबर

ओंजळ झाली. डाव्या तळव्याचा अंगठा बोटांपेक्षा मोठा झाला आहे. गवंड्याला दाखवले. तो म्हणाला, "साहेब, जबड्याची दाढ अशीच असते." म्हणजे इतके दिवस हा गृहस्थ जबडा बांधत होता! ओंजळ, ओंजळ असे दोनदा बजावले. "होऊन जाईल," म्हणाला.

अंगठा तसाच ठेवला. अतिशयोक्ती ही शैली असते.

२८ नोव्हेंबर

त्रिभंग पूर्ण. मानेचे वळण किंचित अधिक झाल्याने आकृती भिंतीकडे पाहून रुसल्यासारखी दिसते. मला ते भावपूर्ण वाटते. सौ. म्हणाली, "घरातल्या कुणासारखीतरी दिसतेय."

कोणासारखी, ते तिने सांगितले नाही.

१ डिसेंबर

प्लास्टर ओले आहे; पेटवता येत नाही. थंडी पडली आहे, परंतु माझ्या मते तिला 'कडक' म्हणता येणार नाही. आत्या दोन शाली आणि माझी जुनी कानटोपी घालून बैठकीत बसली होती. तिने काहीच विचारले नाही. त्यामुळे मलाही काही सांगता आले नाही.

७ डिसेंबर, सायंकाळी

आज प्रज्वलन. आमचे माजी विभागप्रमुख निमंत्रित. हेच ते, ज्यांनी एकदा भर सभेत माझे सौंदर्यशास्त्र 'केवळ कागदावरचे' म्हटले होते. त्यांना अगदी ओंजळीसमोर बसवले. आत्याला त्यांच्या शेजारची मानाची खुर्ची. मी अल्पसे भाषण केले. सौ.ने दोनदा घड्याळाकडे पाहिले, तेव्हा आवरते घेतले आणि काडी लावली.

प्रारंभ उत्तम झाला. ज्वाळा ओंजळीत उभी राहिली. धूर गुडघ्यापर्यंत डौलाने गेला. कंबरेपाशी त्याने विचार केला. त्यानंतर तो परत आला.

खोलीत किंचित धूसरता निर्माण झाली. विभागप्रमुखांच्या डोळ्यांत पाणी तरळले. त्यांनी ते लपवण्याचा प्रयत्नही केला नाही. शब्द फुटत नव्हते. अखेर माझा हात घट्ट धरून एवढेच म्हणाले, "दार... दार कुठंय?" कलाकृतीचा असा परिणाम मी अध्यापनाच्या साऱ्या काळात पाहिला नव्हता.

सौ.ने आत्याला धरून स्वयंपाकघरात नेले. गवंडी बादली घेऊन धावला. ओंजळ विझवून म्हणाला, "साहेब, तुमचं ड्रॉइंग बरोबर आहे. धूरच अडाणी."

हे वाक्य टिपून ठेवले पाहिजे.

८ डिसेंबर

आत्याला खोकला. डॉक्टर येऊन गेले. धूर बिलकुल नको, ऊब हवी, असे सांगितले. बैठकीतल्या शिल्पापाशी थांबून त्यांनी विचारले, "हा पाणघोडा मुलांसाठी का?" वैद्यकीय अभ्यासक्रमात सौंदर्यशास्त्राचा समावेश करावा, असे माझे जुने मत आहे.

आत्याच्या उशाशी बसायला गेलो. ती म्हणाली, "बाब्या, तुझ्या चुलीचं मनावर घेऊ नकोस. पहिली पोळी कुणाची जळत नाही?" ती 'अग्निशिल्प' म्हणाली नाही, हे दाखवून देणार होतो. पण तिला पुन्हा ढास लागली. पाणी दिले आणि उठलो.

१० डिसेंबर

गवंडी फोन उचलत नाही. सौ.चा भाऊ मात्र न बोलावता आला. कंबर आणि मान फोडून सरळ पाइप घालू, एका दिवसाचे काम, म्हणाला. म्हणजे त्रिभंगाचा खांब करायचा. मी नकार दिला. तो म्हणाला, "भाऊजी, आत्या गारठल्यात हो." मी म्हणालो की तडजोड हा पर्याय नाही. हे वाक्य मनात जितके भारदस्त होते, तितके बाहेर आल्यावर वाटले नाही.

संकल्प : धूर न करणारे लाकूड शोधणे.

१३ डिसेंबर

असे लाकूड नाही. कोळसा वापरून पाहिला. वास येतो.

भावाने स्वयंपाकघरात एक लोखंडी शेगडी आणून बसवली आहे. गोल, काळी, बुटकी. पाठीतून निघालेले सरळसोट नळकांडे खिडकीबाहेर. पाहताच डोळे मिटले. मिटल्यावर चेहऱ्याला ऊब लागली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. लगेच बाहेर आलो.

१५ डिसेंबर

आत्याची खुर्ची स्वयंपाकघरात गेली.

१७ डिसेंबर

रेडिओही. पत्त्यांचा कॅटही. सौ.चे विणकाम आणि तिचा छोटा स्टूलही. बैठकीत आता अग्निशिल्प आणि मी, दोघेच. रिक्त अवकाशात शिल्प अधिक खुलते. असे एकांतवासाचे दिवस मला पूर्वीच मिळायला हवे होते.

१९ डिसेंबर

महत्त्वाचा सिद्धांत सुचला : अग्निशिल्पाला अग्नीची आवश्यकता नाही. सूचन हेच कलेचे सार. ओंजळीत मेणबत्ती ठेवली.

मेणबत्तीचाही धूर परत येतो.

२१ डिसेंबर

ओंजळीत तांबडा कागद ठेवला. दुरून पाहिल्यास, दिवा मंद असल्यास आणि चष्मा नसल्यास परिणाम विलक्षण. ओव्हरकोट घालून पाहत बसलो.

२३ डिसेंबर

हातमोजे घालून लिहीत आहे. अक्षर बिघडले आहे. मी लहानपणी पाटीवर काढत असे तसे दिसते. हात धरून मला अक्षर आत्यानेच गिरवायला लावले होते. ही नोंद प्रस्तुत विषयाशी संबंधित नाही.

आजच्या थंडीची 'कडक' म्हणून गणना करावी लागेल. वचनपूर्तीबाबत मला अद्याप कोणी विचारलेले नाही. कोणीतरी विचारावे, म्हणजे उत्तर देता येईल.

२६ डिसेंबर

सौ.ने जेवणाचे ताट बैठकीत आणून ठेवले. "तिकडं या," म्हणाली. मी म्हणालो की कलावंताने आपले स्थान सोडू नये. ती शिल्पाच्या रुसलेल्या मानेकडे पाहत क्षणभर उभी राहिली, मग माझ्याकडे पाहिले आणि गेली. आमटी दोन घासांत गार.

२८ डिसेंबर, सायंकाळी ७

वस्तुस्थिती पुन्हा क्रमाने.

एक : बैठकीची खोली उत्तराभिमुख आहे.

दोन : तिच्यात हीटर नाही.

तीन : स्वयंपाकघराच्या बंद दाराआड पत्ते चालले आहेत. मेव्हणा आला आहे. आत्याचा खोकला आज ऐकू आला नाही. तिचे हसणे मात्र आले. पत्त्यांत ती लबाडी करते. लहानपणी माझ्याशीही करत असे.

चार : आत्ताच तिने विचारलेले ऐकले, "बाब्या कुठाय गं?" सौ. म्हणाली, "बसलेत त्यांच्या चुलीशी." कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

पाच : शाई गोठली की पेनच बिघडले, ठरवता येत नाही. पुढील मजकूर पेन्सिलीने लिहून, त्याची प्रत स्वयंपाकघराच्या दाराखालून आत सरकवीत आहे. ती येथे उतरवून ठेवतो.

"सौ. आणि आत्या यांस,

आपल्या घरात सध्या दोन चुली आहेत. पैकी एक पेटत नाही. ती माझी.

मेव्हण्यांनी उद्या तिची कंबर आणि मान फोडण्यास हरकत नाही. गुडघा राहू द्यावा. राहिला नाही तरी चालेल.

तोपर्यंत आपल्या शेगडीजवळ एका खुर्चीपुरती जागा आहे काय? खुर्ची मी घेऊन येईन. पत्त्यांत लबाडी झाल्यास आक्षेप घेणार नाही. 'बाब्या' या संबोधनावरील हरकत मागे घेत आहे. शुद्धलेखनाची चूक आढळल्यास दुर्लक्ष करावे. बोटे वळत नाहीत.

उत्तर लेखी द्यावे, आणि त्वरित. पेन्सिलीने चालेल."