हमीदचाचांच्या आठ वाजताच्या गोळ्या

२ एप्रिल, बुधवार
ईदनंतर हॉस्पिटलचा पहिला दिवस. हमीदचाचांचा स्कॅन आला. फुप्फुसातली गाठ निम्म्याहून लहान! डॉक्टर कर्णिक मॅडम रिपोर्ट घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आल्या. फाइली लावणाऱ्याच्या टेबलापाशी! "निनाद, हे बघ." मी मोजपट्टी लावून पाहिलं. हसल्या. या नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये आमच्याकडची एवढी लहान झालेली ही पहिलीच गाठ. आनंदात डबा खायचा राहिला.
चाचा लांबच्या खोर फक्कान गावाहून शीरखुर्मा घेऊन आलेले. मार्चच्या गोळ्यांचा तक्ता दिला. सकाळी ८.००, रात्री ८.००, महिनाभर. एक खाडाखोड नाही. इतका स्वच्छ तक्ता आजवर पाहिला नव्हता. पुढची बाटली १० तारखेला.
जाताना म्हणाले, "या वर्षी एकही रोजा चुकला नाही, पोरा. या आजारात!" मी मुबारक म्हटलं.

३ एप्रिल, गुरु.
तक्ता कॉम्प्युटरवर चढवताना हात थांबला. रोजा असताना सकाळी आठला गोळी? पाणी?
फोन केला. "पहाटे सेहरी खाल्ली की एक, संध्याकाळी इफ्तारला दोन खजूर खाऊन एक." गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते.
"मग आठ का लिहिलंत?"
"तूच लिहून दाखवलंस ना!"
खरं आहे. नमुना म्हणून पहिल्या ओळीत मीच ८.००, ८.०० लिहिलं होतं.
"मला वाटलं, तुम्हा लोकांना तसंच लागतं. तुझं अक्षर बघून काढलं सगळं." मग हळूच, "काढणार नाहीत ना मला?"
"बघतो," म्हणून फोन ठेवला.

४ एप्रिल, शुक्र.
अर्धा दिवस. मॅडमना सांगितलं नाही. त्या कॉन्फरन्सचं पोस्टर करतायत, गाठीचे दोन फोटो शेजारी शेजारी. सोमवारी औषध कंपनीचा माणूस कागद तपासायला येणार. तक्ता आहे तसा ठेवला तर कुणालाही कळणार नाही. कळवलं तर कंपनीची परवानगी आल्याशिवाय नवी बाटली नाही. परवानगी नाही, तर चाचा बाहेर. आणि मी? आखातातला माझा व्हिसा याच नोकरीवर. इथल्याच ऊद मेथातली शाळा दहावीत सुटली, मला दुसरीकडे कोण…

७ एप्रिल, सोम.
सांगितलं. सकाळी ७.४०, मॅडमच्या समोर उभ्याउभ्याच. त्यांच्या स्क्रीनवर पोस्टर.
मग, "खजूर किती?"
"दोन, मॅडम."
"आणि सेहरीला?"
"पराठा, अंडी, चहा."
वही पुढे ओढली. "म्हणजे महिनाभर खाऊन घेतली, आणि तरी गाठ लहान? की म्हणूनच? अरे, बस ना खाली!" त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बसलो. पोस्टर बंद केलं त्यांनी. "नमुना तू लिहिलास, तेही कंपनीला कळव. तुझ्या नावाने." कळवलं.
चाचा टॅक्सीने आले. पाकिटातून मशिदीचं रमजानचं वेळापत्रक काढलं. प्रत्येक सेहरी-इफ्तारपुढे पेन्सिलीची खूण, गोळी घेतल्याची! खऱ्या वेळा महिनाभर त्यांच्या खिशात होत्या. खोटी वेळ एका रेघेने खोडायची, खालचं वाचता यायला हवं, शेजारी खरी वेळ, सही, तारीख. दोन तास. स्वच्छ तक्त्याची पार रांगोळी झाली. चाचा म्हणाले, "आता कसं, माझं अक्षर दिसतंय."
कंपनीचा माणूस कागद बघून म्हणाला, "हबीबी, माझ्या हातात नाही. बुधवारी मेल येईल, इन्शाल्ला."

९ एप्रिल, बुध.
चाचांकडे दोन गोळ्या. आज रात्रीची, उद्या सकाळची.
१०.००. मेल नाही.
१.००. नाही. मॅडम तीनदा विचारून गेल्या. नवी बाटली कपाटात पुढे आणून ठेवली. लेबल लिहिलं, तारीख सोडून.
२.१५. चाचांनी आजच्या पानाचा फोटो पाठवला: "७.५२. आधी चहा पिऊन बसलो. चुकलं. लिहिलं."
४.१०. मॅडम दाराशी, चष्मा शोधतायत. डोक्यावरच आहे. "निनाद, मेल आला. ये, दोघं मिळून वाचू."