वीतभर साडी

आबा,

आज दिवसभर मी एका वेबसाइटच्या मागे होते. तिचं पान उघडायला चार सेकंद लागत होते आणि गिऱ्हाईक तेवढ्यावर तणतणत होतं. चार सेकंद! मला हसूच आलं. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, पण पडद्यावर एखादा फोटो रेंगाळला की मला सुरतच्या रिंग रोडवरचं ते दोन खोल्यांचं ऑफिस आठवतं, आणि स्टुलावर डबा मांडीवर घेऊन बसलेले तुम्ही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. लिंबायतमधल्या आपल्या गल्लीत फोन दोनच घरांत, आणि मी निघाले होते जगभर साड्या दाखवायला. एका साडीवाल्या शेठच्या वेबसाइटचं काम आमच्या सरांनी घेतलं होतं आणि मला ठेवलं होतं ते तेवढ्यासाठीच. मी हौसेनं बारा साड्यांचे मोठाले फोटो एकाच पानावर टाकले. फोनच्या तारेवरून ते उतरेपर्यंत माणसाचा चहा-नाश्ता उरकायचा. दुबईचा व्यापारी तर दुसऱ्या साडीलाच कंटाळून बंद करायचा. मी फोटोतले रंग कमी करून पाहिले, तर साडीची सोनेरी जर हळदीसारखी दिसायला लागली आणि शेठ खवळला. सर म्हणाले, सोमवारपर्यंत जमलं नाही तर काम दुसरीकडे जाईल. काम गेलं की माझी नोकरी गेली. आणि नोकरी गेली की नंदुरबारकडचं ते स्थळ, जे तुम्ही "पोर कामवर जास" म्हणून वर्षभर थोपवून धरलं होतंत, ते दारात उभं राहणार होतं.

शनिवारी तुमच्या लूम्सच्या खात्याला, म्हणजे कारखान्याला, सुट्टी. मी डबा विसरले म्हणून तुम्ही तो घेऊन आला आहात. कळण्याची भाकरी आहे, सोबत ठेचा. पडद्यावर साडीचा फोटो वरून एकेक रेघ करत उतरतोय आणि तुम्ही कमरेत वाकून टक लावून बघताय. मग एकदम ओरडता, "साडी विणाई राह्यनी व माय!" सर फोनवर बोलता बोलता थांबतात. मी मेल्याहून मेल्यासारखी होते आणि फटकन बोलते, "आबा, हळू बोला, हे तुमचं खातं नाही." तुम्ही डबा मांडीवर घेऊन स्टुलावर जाऊन बसता. ते वाक्य मला अजून बोचतं, आबा. इतकी वर्षं माग चालवलेला माणूस एवढंच म्हणत होता, की तुझं काम आता माझ्या ओळखीचं दिसतंय.

बऱ्याच वेळानं, तुम्हाला जमेल तेवढ्या हळू आवाजात तुम्ही विचारलंत, "आक्खा ताका पहिलेच कसाले दखाडस? वीतभर नमुना दखाड. पसंद पडना ते मांगतीन." तुमच्या खात्यात तीच रीत होती. नवी डिझाइन आली की आधी वीतभर कापड विणायचं, कापून शेठला दाखवायचं, आणि त्यानं मान हलवली तरच पुढचा सगळा ताका काढायचा. मी तुमच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पण हात कामाला लागले. चार वाजेपर्यंत मी बारा साड्यांचे बारा इवलेसे फोटो केले, रंगाला धक्का न लावता. जो आवडेल त्यावर टिचकी मारा, मग तेवढीच साडी मोठी होऊन येईल. सरांनी फोनची तार जोडून पान उघडलं आणि चहाचा दुसरा घोट घेईपर्यंत बाराच्या बारा साड्या पडद्यावर हजर. सरांनी खुर्चीच मागे सारली. "वाह! आ मगज कोनुं चाल्युं?" हे डोकं कुणाचं, असं ते विचारत होते.

तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर उभे होतात. मी म्हटलं, "मारुं." माझं.

नोकरी टिकली, स्थळ आलं तसं परत गेलं, आणि आजवर मी ज्याचं खाते ते हेच काम. लूम्सच्या धडधडीनं तुमचे कान अर्धे नेले होते, तेव्हा तुम्हाला काही ऐकू गेलं नसणार, अशी मी माझी समजूत घालत आले. पण खात्यातल्या त्या धडधडीत कुणाला काय ऐकू येतं? तुम्ही सगळे ओठांवरूनच बोलणं ओळखायचात. आणि त्या क्षणी तुम्ही माझ्या तोंडाकडेच बघत होतात. घरी जाताना तुम्ही मला लोचो खाऊ घातलात, वर दोनदा शेव मागून घेतलीत. गल्लीत शिरताच शेजारच्या काकांना ओरडून सांगितलंत, "मनी पोरनी सोताना डोकामाईन काढं हाई!" पोरीनं स्वतःच्या डोक्यातून काढलं म्हणून काका कौतुकानं माझ्याकडे बघत राहिले, आणि मी तिथंही गप्पच.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, ही सबब चांगली आहे. पण त्यानंतर तुम्ही पुष्कळ वर्षं होतात, रोज माझ्यासमोर जेवायला बसत होतात, तरी मी बोलले नाही. मला भीती वाटायची, की तुम्ही घास चावता चावता हसाल आणि म्हणाल, "माले मालूम व्हतं."