वास गाडीलाच होता

अहो,

गाडी मी नेली आहे. तुमच्या आई सोबत आहेत. आम्ही संगमनेरला सोनोग्राफीला चाललोय, फोन करून थांबवू नका.

पंधरा दिवस मी सांगतेय, गाडीत पेट्रोलचा वास येतो. तुम्ही म्हणालात, दिवस गेलेत म्हणून तुला तसं वाटतं, आणि आरशाला अत्तराची बाटली टांगलीत. काल मळमळून मी राहात्याच्या रस्त्यात उतरले, तरी तुम्ही "चल, बस आता" एवढंच म्हणालात.

आज तुम्ही शाळेत गेल्यावर मी बोनेट उघडलं. आईंनी मोबाईलचा उजेड धरला. तुम्हाला वाटतं तशा त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "वास येतो म्हणती, तर येत असंल. बघू की." इंजिनकडे जाणारा पेट्रोलचा रबरी पाइप वाकतो तिथेच चिरला होता. बोट लावलं, तर ओलं झालं. मग गाडी सुरू न करता गॅरेजवाल्या कानिफभाऊंना घरी बोलावलं. त्यांनी पाइप आणि क्लिपा नव्या घातल्या. इंजिन चालू ठेवून आम्ही तिघांनी पाहिलं. थेंब नाही, वास नाही. जुना पाइप बाहेर पायरीवर ठेवलाय, हुंगून बघा.

एक ठिणगी पडली असती, तर पोटातल्यासकट आपण तिघं होतो त्यात.

भाकरी केलेल्या नाहीत, पीठ डब्यात आहे. रुसायचं तर रुसा. पण यापुढे मी वास येतोय म्हटलं, की आधी गाडी थांबवायची, मग बोलायचं.

रेबेका