सात चुकांचं स्टूल

नालवाडी, वर्धा
आषाढ पौर्णिमेचा दुसरा दिवस, सकाळ

आदरणीय नानाजी भाऊ यांना धाकटा मावसभाऊ रत्नदीप याचा सविनय जय भीम.

तुमची शुगर, तुमची झोप आणि तुमच्या त्या शिसवी पेटीचं झाकण, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. (झाकण मार्चपासून बसत नाही हे तुम्ही ग्रुपवर कबूल केलेलं नाही, पण फोटोत ते नेहमी उघडंच असतं.) इकडे आम्ही सुखरूप आहोत. नुसते सुखरूप नाही भाऊ, काल संध्याकाळपासून मी इतका मोकळा झालो आहे की आज सकाळी दाढी करताना गुणगुणत होतो. इंदिरा काल विहारात गेली. पुढच्या रांगेत बसली, वंदना सांगितली आणि कोणाचा हात न धरता उठली. हे फोनवरच सांगणार होतो; पण आपल्या फोनमध्ये बोलायचं काम तुमच्याकडे असतं आणि ऐकायचं माझ्याकडे. ग्रुपवर लिहिणं तर शक्यच नाही. का, ते पुढे येईल. म्हणून हे पत्र.

तुम्हाला माहीतच आहे, नोव्हेंबरात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही म्हणून बजावलं. घरी ठीक होतं, अडचण विहाराची. तिथे सगळे सतरंजीवर बसतात. तिला मागे, चपलांच्या स्टँडशेजारी, प्लास्टिकची खुर्ची दिली. खुर्ची पुढे घ्यावी तर तिची पाठ मागच्यांच्या तोंडापुढे येते, आणि उठताना टाइल्सवरून घसरते ती वेगळीच. दोन रविवार ती मागे बसली. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "मी का लग्नातली पाव्हणी हाव, चपलेपाशी बसाले?" आणि जाणंच बंद केलं. बावीस वर्षं त्या विहारात वंदना तिने सांगितली आहे. तिच्या जागी शेजारच्या वच्छलाबाई सांगू लागल्या. बाई मनाने फार चांगल्या, पण सूर असा वर लावतात की तिसऱ्या ओळीला आम्हा पुरुषांचा आवाज पायरीवरच बसून राहतो. दर रविवारी आमच्या खिडकीतून ते ऐकू यायचं. इंदिरा ओट्याशी उभी राहून ओठ हलवायची. मला ते पाहवत नव्हतं. म्हणून मी शब्द दिला, की वर्षावास सुरू होण्याआधी तुझ्यासाठी सागवानाचं बिनपाठीचं भक्कम स्टूल करीन आणि आषाढ पौर्णिमेला तू पुढे बसशील.

आता माझ्या हाताची कीर्ती तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्तीनंतर पाण्याच्या टाकीमागे टिनाचं शेड घातलं, रंधा घेतला, पटाश्या घेतल्या, तुम्ही चालवता त्या 'रंधा मंडळ' ग्रुपात दाखल झालो. (नऊ जण, नऊ अर्धवट कामं. सेवाग्रामचे भैयाजी दोन वर्षांपासून एकच पाट घासत आहेत. आता त्याचा पापड होत आला असेल.) तर माझ्या मोजायच्या टेपच्या तोंडाचा पत्र्याचा हूक तुटलेला आहे. म्हणून तुम्हीच शिकवल्याप्रमाणे मी शून्यावरून न मोजता दहावरून मोजतो आणि शेवटी दहा वजा करतो. पाय पंचेचाळीस सेंटिमीटरचे हवे होते. मी दहावर बोट ठेवलं, पंचेचाळीसवर रेघ मारली आणि समाधानाने करवत उचलली. एखादा पाय कापल्यावर माणसाच्या लक्षात येतं. पण चारही पाय एकत्र बांधून कापावे म्हणजे सारखे होतात, हेही तुम्हीच शिकवलेलं. चारही अगदी सारखे, पस्तीसचे झाले. इंदिराने ते स्टूल पाहिलं आणि विचारलं, "हे कोणासाठी हाय? बालवाडीसाठी?" सध्या त्यावर कढीपत्त्याची कुंडी ठेवली आहे. शोभून दिसते.

दुसऱ्या स्टूलाच्या वेळी मी टेपला हातच लावला नाही, शेजारून पट्टी मागून आणली. भाऊ, असं स्टूल माझ्या हातून पुन्हा होणार नाही. काटकोन पाहायला गुण्या लावावा तर कोपऱ्यात काळा केस शिरणार नाही. वर पाणसळ ठेवली तर तिच्यातला बुडबुडा मधोमध येऊन असा स्वस्थ बसला की मीच हात जोडले. योगायोगाने आपल्या ग्रुपातला प्रफुल त्याच दिवशी त्याचं पक्ष्यांचं घरटं दाखवायला आला होता (पक्षी अजून एकही राहायला आलेला नाही), त्यालाही बुडबुडा दाखवला. मग इंदिराला मोठ्या थाटाने बसवलं. बसली छान. चहा झाला. प्रफुलने फोटो काढले. मग ती उठायला गेली आणि उठता येईना. एकदा झालं, दोनदा झालं. जोर लावला की मागे जायची. मी पाणसळ घेऊन पुन्हा तपासू लागलो तशी ती म्हणाली, "तुमचं लेव्हल बराबर हाय, मंग मी काऊन उठून नाई राह्यली? का अठीच राहू बुडबुड्यासंगं?" शेवटी एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने वच्छलाबाई, असं मिळून तिला उठवलं. ती आत गेली. प्रफुल घरटं काखेत घेऊन निघून गेला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. पौर्णिमा तीन आठवड्यांवर होती, आणि ती म्हणाली, "राहू द्या आता. खिडकीतून आयकू येते नं."

त्यानंतर दोन रविवार मी ग्रुपवर कामाचा फोटो टाकला नाही. तिसरा चुकला की ग्रुपातून नाव काढता, हा तुमचा नियम. तिसऱ्या रविवारी आम्ही दोघं आपल्या बहिणीकडे, कमलकडे, पवनारला गेलो होतो. परत आलो आणि मी फोटो टाकला, 'काम प्रगतिपथावर' असं खाली लिहून. तुम्ही दहा मिनिटांत सात चुका काढल्या. मला त्या पाठ आहेत. पुढचे दोन पाय मागच्यांपेक्षा अर्धा इंच आखूड, त्यामुळे बैठक पुढे झुकलेली. कडा गरजेपेक्षा जास्त गोल. बैठक विनाकारण रुंद. एका सांध्यात पाचर ठोकून वेळ मारून नेलेली. लाकडी खुंटीच्या जागी खिळे. पॉलिशला ओघळ. आणि सातवी, 'एकंदरीत हात शिकाऊ असून घाई दिसते.' त्याला भैयाजींनी अंगठा दाखवला. प्रफुलने दोन दाखवले. मी 'मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे' एवढंच लिहिलं. (मनात काय म्हणालो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

ते तिसरं स्टूल कसं तयार झालं याच्या खोलात मी इथे शिरत नाही. काल तेच विहारात नेलं, एवढं सांगतो. खाली टायरची गोल रबरं ठोकली म्हणजे घसरायला नको. पुढच्या रांगेत भिंतीकडच्या कोपऱ्यात ठेवलं. इंदिरा बसली. वच्छलाबाईंनी आपण होऊन म्हटलं, "बाई, तुम्हीच सांगा आता, माहा गळा गेला." इंदिराने सुरुवात केली, आमच्याच पट्टीत, आणि हॉल असा भरून आला की मला पुढचं नीट म्हणता आलं नाही. पण माझा सगळा जीव शेवटाकडे लागला होता. ग्रंथवाचन संपलं, लोक उठू लागले. मी दोन पावलं पुढे सरकून तयारच होतो. तिने हात गुडघ्यांवर ठेवले, जरा पुढे झुकली आणि उभी राहिली. माझ्याकडे बघितलं आणि हसली. बस, भाऊ. सात महिन्यांचा शीण गेला.

वहिनींना जय भीम सांगावा. पेटीचं झाकण थोडं उन्हात ठेवून पाहावं.

तुमचा
रत्नदीप

ता. क. : मोठ्या भावापासून लपवणं मला जमत नाही. ते तिसरं स्टूल मी केलेलं नाही. ते कमलच्या पवनारच्या व्हरांड्यात पाण्याच्या कॅनखाली होतं. त्या रविवारी निघताना चप्पल घालायला इंदिराने कॅन खाली ठेववून घेतला, स्टूलावर बसली, चप्पल घातली आणि चालू लागली. आपण आधाराशिवाय उठलो, हे फाटकापाशी तिच्या लक्षात आलं. पुन्हा परत येऊन बसली, पुन्हा उठली. असं चार वेळा. कमलला वाटलं, काही तरी विसरली. बैठक पुढे झुकलेली आहे म्हणूनच तिला उठता येतं. स्टूल आम्ही चादरीत गुंडाळून बसने आणलं. फोटो मात्र कमलच्या अंगणातला आहे.

दुसरा ता. क. : घरी येऊन मी ते उलटं करून पाहिलं. बैठकीच्या खालच्या अंगाला पटाशीने कोरलं आहे : 'ना. पुलगाव. २००४.' कमलने घर बांधलं तेव्हा तुम्ही पुलगावहून आणून दिलेलं हेच ते. सात चुका तुम्ही तुमच्याच कामात काढल्या आहेत. मी मंडळात कोणाला बोललो नाही आणि बोलणारही नाही. फक्त एक. काल आनंदाच्या भरात विहारातल्या पाच दुखऱ्या गुडघ्यांना मी 'तुम्हालाही करून देतो' असं म्हणून बसलो. तर ती पाच स्टूलं तुम्ही करावीत. अगदी तशीच, सगळ्या चुका जशाच्या तशा ठेवून. तुम्हाला अवघड जाऊ नये, तेव्हा काही मुद्दाम केल्या नसतीलच.

तिसरा ता. क., वेगळ्या अक्षरात : दादा, जय भीम. मी इंदिरा. पत्र पोस्टात टाकाले माह्याजवळ देल्लं म्हणून वाचलं. स्टूल तुमचं हाय हे मले पवनारलेच समजलं होतं, पॉलिशचे ओघळ पाहून. पत्र भेटल्या भेटल्या निघून येजा. हे सकाळपासून स्टूलाभवती पाणसळ घेऊन फिरून राह्यले, म्हणतात मागचे पाय अर्धा इंच कापले तं लेव्हल होते. करवत मी तांदळाच्या कोठीत लपवली हाय. जातांनी घेऊन जाजा.